शेवटच्या चौकटीतले हसू

सोमवार, ४ मार्च

आज 'झेपेराव' या चित्रकथा-मासिकाच्या संपादकपदाची सूत्रे स्वीकारली. 'सूत्रे' हा शब्द इथे शोभत नाही. प्रत्यक्षात मला एक डगमगते टेबल, लाल शाईची दौत आणि अठ्ठावीस वर्षांचे अंक कोंबलेले कपाट मिळाले. दोन पदव्या आणि शोकनाट्यावरचा साडेचारशे पानांचा प्रबंध पाठीशी असलेला माणूस शेवटी कुठे येऊन टेकतो, याचे हे उत्तर. विद्यापीठाने माझी जागाच रद्द केली नसती, तर हा जिना मी चढलो नसतो.

झेपेराव म्हणजे उडणारा वीर. निळा पोशाख, पिवळी झूल, पोट किंचित सुटलेले. तो आकाशातून येतो, गुंडांना लोळवतो आणि दरवेळी चुकीच्या पायावर उतरून घरमालकिणीची कौले फोडतो. घरमालकीण झाडू उगारून त्याचा उद्धार करते. शेवटच्या चौकटीत तो थेट वाचकाकडे बघून हसतो. अठ्ठावीस वर्षे, दर महिन्याला. एकूण तीनशे छत्तीस वेळा तेच हसू. मी मोजले.

मालक आडपडदा न ठेवता बोलले. "डॉक्टर, आपले वाचक मोठे झाले. त्यांना आता गुदगुल्या नकोत, रक्त पाहिजे. काळं करा सगळं. फक्त माझं तोंड काळं करू नका म्हणजे झालं." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला लागेपर्यंत हसले.

चित्रे काढणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. साठी ओलांडलेली, बोटे शिसाने करडी झालेली. त्यांच्या टेबलावर दाढीचा आरसा उभा असतो. पात्राचा जो भाव काढायचा, तो आधी ते स्वतःच्या चेहऱ्यावर आणतात आणि आरशात दिसेल तेच कागदावर उतरवतात. मनातून चेहरा काढणे आपल्याला जमत नाही, हे त्यांनी मला जवळजवळ अभिमानाने सांगितले. मी गेलो तेव्हा ते घरमालकीण झाले होते. एक वृद्ध गृहस्थ ओठांचा चंबू करून आरशावर डाफरत होता.

पलीकडे पेन्सिलीच्या रेषांवर कुंचल्याने शाई चढवणारी बाई बसते. तिला शाईताई म्हणतात.

"हे आपले नवे संपादक, डॉक्टर," मालकांनी ओळख करून दिली.

"बरं झालं," ती मान वर न करता म्हणाली. "मास्तर, गुडघा दाखवून घ्या."

मी माझा नियम सांगितला. प्रत्येक पानाच्या मागे लाल शाईत शेरा येईल : 'पुन्हा', 'चालेल' किंवा 'मंजूर'. मंजूर म्हणजे निर्दोष. हा शब्द माझ्या हातून सहज निघत नाही, हेही सांगितले.

"साहेब, एकदा तरी मिळू दे," मास्तर म्हणाले. "चौकट करून भिंतीवर लावतो."

शुक्रवार, ८ मार्च

पहिल्या काळ्या अंकाचे कथानक वाचून दाखवले. शहर जळते. झेपेराव उशिरा पोहोचतो. घरमालकीण ढिगाऱ्याखाली मरते. शेवटच्या चौकटीत हसू नाही. चेहरा तोच, नजर तीच, पण उद्ध्वस्त.

मग मास्तर म्हणाले, "तिला मारायची? तिचं काय चुकलं हो?"

"चुकले नाही म्हणूनच तिचे मरण शोकात्म ठरते."

"अठ्ठावीस वर्षं कौलं बदलतेय बिचारी," शाईताई म्हणाली. "सुटली म्हणायची."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "आणि शेवटी हसायचंच नाही? पोरं मागचं पान आधी उघडतात, साहेब."

"उघडू द्या. त्यांना कळू द्या."

माझ्याविषयी एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. लहानपणी न्हाव्याच्या दुकानात मी या मासिकाचा एक अंक वाचला होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या इतका हसलो होतो की कानाला वस्तरा लागला. पुढे वडिलांनी असली पुस्तके बंद केली. त्या हसण्याचे कारण आज आठवत नाही. परवा तो अंक कपाटात शोधून वाचला. कुठे हसायचे ते सापडले नाही.

शुक्रवार, १५ मार्च

शेवटच्या चौकटीला सात वेळा 'पुन्हा'. मास्तरांचा दुःखी झेपेराव म्हणजे दाढ दुखणारा झेपेराव.

आज मी त्यांच्या मागे उभा राहून आरशात बघत काम करून घेतले. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. "भुवई खाली. आणखी. आता सगळे गमावले आहे असे बघा." त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती. चारच्या सुमारास त्यांनी डोके दुखत असल्याची तक्रार केली. मी म्हणालो, दुखू द्या, चेहऱ्यावर येऊ द्या.

"मास्तर, तुम्ही आयुष्यात दुःख पाहिलेच नाही का?"

"पाहिलंय की. बायको गेली तेव्हा." ते पेन्सिलीला टोक करत होते. "पण ते तोंडावर नसतं, साहेब. तोंडाने आपण आल्यागेल्याला या-बसा म्हणत असतो. दुःख पायात दिसतं. मी तिला पोहोचवायला निघालो तो उलट्या चपला घालून. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. घरी परत येईपर्यंत कळलं नाही."

आणि त्यांनी खरोखरच एक चौकट काढून दाखवली : ढिगाऱ्यासमोर झेपेरावाचे नुसते बूट, उलटसुलट घातलेले. हा पोरकट विनोद मी तिथल्या तिथे फाडला. शोकाचे स्थान पादत्राणात नसते.

गुरुवार, २१ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

सकाळी मास्तर उशिरा आले. कालपासून जरा चक्कर येते म्हणाले. शब्दही चावून चावून बोलत होते. चहा पिताना तो हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला आणि त्यांचे लक्षही नव्हते. या माणसाला टापटीप म्हणून ठाऊक नाही. शाईताईने पदराने त्यांचे तोंड पुसले. सगळ्यांसमोर.

अकरा वाजता तिने माझ्यासमोर एक अर्ज ठेवला. मजकूर तिचा, सही मास्तरांची, आणि सही ओळीवरून घसरलेली : दवाखान्यात जायचे असल्यामुळे आज रजा मिळावी.

"एक चौकट राहिली आहे," मी म्हणालो.

"त्यांचं तोंड बघितलंत का तुम्ही?"

"दोन आठवडे तेच बघतो आहे."

अर्जावर मी 'अंक छापायला गेल्यानंतर' असा शेरा दिला. तिने कागद घडी करून कनवटीला लावला. ही बाई मास्तरांना मुदतीतून सोडवण्यासाठी नाना युक्त्या करते, हे आता माझ्या लक्षात आले आहे.

दुपारी तीनला शेवटची चौकट आली. पाहताक्षणी संतापलो. चेहऱ्याची एक बाजू ताठ, तर दुसऱ्या बाजूला ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, तिकडची पापणीही अर्धवट मिटलेली. 'पुन्हा' लिहिण्यासाठी लेखणी दौतीत बुडवली आणि थांबलो. पुन्हा पाहिले.

अर्धा चेहरा अजून लढतो आहे, अर्ध्याने शस्त्र टाकले आहे. साडेचारशे पानांत मी जे सिद्ध करू पाहत होतो, ते या अर्धशिक्षित माणसाने दोन रेषांत काढले होते.

त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "मास्तर, हे तुम्हाला कसे सुचले?"

"सुचलं कुठे," ते म्हणाले. "आरशात होतं तेच काढलं."

केवढी ही विनम्रता! मी त्यांचा खांदा थोपटला. "हे वळण आता सोडू नका." त्यांचे डोळे भरून आले. एका डोळ्यातून पाणी आले, असे म्हणणे अधिक अचूक होईल. पानामागे 'चालेल' लिहिले. 'मंजूर' लिहिणार होतो, पण ओठाखालची छाया किंचित जाड होती.

मंगळवार, २ एप्रिल

अंक बाहेर पडला. ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे एक प्रत नेली. नऊ वर्षांच्या भाचीने सवयीप्रमाणे शेवटचे पान आधी उघडले.

"मामा, याचं अर्धं तोंड झोपलंय."

"म्हणजे?"

"हे बघ ना. इकडचं जागं आहे, तिकडचं झोपलंय. त्याला बरं नाहीये का?"

"त्याचे मन दुखावले आहे."

"मन नाही रे, तोंड," ती म्हणाली. "घरमालकीण कुठंय?" मी सांगितले. तिने अंक मिटून माझ्या हातात दिला. "मला नको हा."

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, लेकरांचं पुस्तक ना ते? तुला कुणी हसलेलं कधी बघवलं नाही."

शब्द मात्र पोरीने नेमका टाकला. पुढील संपादकीयाचे शीर्षक ठरले : 'अर्धा जागा, अर्धा निद्रिस्त'.

मंगळवार, ९ एप्रिल

अंक संपला, पुन्हा छापावा लागला. मोठ्या वयाचे वाचक कौतुकाची पत्रे पाठवत आहेत. ज्या विभागाने मला बाहेरचा रस्ता दाखवला, त्याच विभागाने 'चित्रकथेतील शोकात्म मुखभाव' या विषयावर बोलायला बोलावले आहे. भाषणात मास्तरांचा उल्लेख एकदा करीन.

मास्तर मात्र चेकाळले आहेत. आज चक्क उलट्या चपला घालून कार्यालयात आले. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. मला खिजवण्यासाठी, हे उघड आहे. मी फाडलेल्या चौकटीचा हा सूड. मी विचारले, "हा काय पोरखेळ, मास्तर?" त्यांनी खाली पाहिले आणि इतक्या बेमालूमपणे दचकले की रंगभूमीवर टाळ्या पडल्या असत्या.

शाईताई उठली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि चपला बदलून दिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? तुम्हाला वाचता येतं ते फक्त छापलेलंच का?"

उद्धटपणाबद्दल तिला लेखी समज दिली.

गुरुवार, १८ एप्रिल

मालकांनी बोलावले. टेबलावर शाळेचे एक कोरे दप्तर होते.

"डॉक्टर, लॉटरी लागली. दप्तरवाल्यांना आपला झेपेराव पाहिजे. दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर. पण हसरा."

"दीड महिन्यापूर्वी आपण रक्त मागत होतात."

"तेव्हा मागत होतो. आता दप्तर मागतोय. सकाळी सात वाजता पोरगं शाळेत निघणार, आणि पाठीवर हे रडतं थोबाड? आया मला जोड्याने मारतील. ती म्हातारीही जिवंत करा."

"ती ढिगाऱ्याखाली मेली आहे."

"मग ढिगाऱ्यातून निघू दे! झाडू झटकत! तुम्ही शिकलेले लोक, एवढंही जमू नये?"

घरी येऊन दोन तास येरझारा घातल्या. राजीनाम्याचा मसुदा केला आणि फाडला. त्यातील एक वाक्य सैल होते. मग विचार केला : ज्याने अंधार पाहिला, त्याचेच हसू अर्थपूर्ण. म्हणजे हे माघार घेणे नव्हे, हा नाटकाचा दुसरा अंक आहे. हे मला पटले. पुरते नाही, पण काम करता येईल इतपत पटले.

बुधवार, २४ एप्रिल

हसू येत नाही.

मास्तरांनी सहा दिवसांत अकरा हसणी काढली. अकराही अर्धी. एकीकडे तोच जुना मिश्कील झेपेराव, दुसरीकडे लोंबणारा कोपरा. दप्तरवाले उद्या येणार.

"मास्तर, ते वळण आता सोडा."

"सोडतोय, साहेब." शब्द घोगरे, ओले. "सुटत नाहीये."

"दोन्ही बाजूंनी हसा."

"हसतोय की."

ते आरशात बघून खरोखरच प्रामाणिकपणे 'हसतोय' म्हणत होते, हे सर्वांत चीड आणणारे. कौतुकाने माणूस बिघडतो. एकदा अर्ध्या चेहऱ्याने नाव झाले, आता तो सोडवत नाही. मी कालपर्यंतचे अकरा कागद त्यांच्यासमोर एकाखाली एक मांडले आणि प्रत्येकावर लाल वर्तुळ काढले. त्यांनी कागदांकडे पाहिले, मग आरशाकडे, मग माझ्याकडे. "ही चूक माझ्या हाताची नाही, साहेब," एवढेच म्हणाले.

शेवटी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. तर्जनीने त्यांच्या ओठाचा कोपरा वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. "आता काढा."

गाल हाताला जड लागला. विरोध नव्हता, मदतही नव्हती; भिजलेल्या कापडासारखा होता. क्षणभर काहीतरी शंका मनात डोकावली. पण तेवढ्यात त्यांची पेन्सिल चालू लागली, आणि अशा वेळी विचलित होणे मला मान्य नाही. पाऊण तास बोट धरून बसलो. लाळ मनगटापर्यंत आली. शाईताई समोरच्या टेबलावर कुंचला हातात धरून बसली होती. तिने एक रेषही ओढली नाही.

चित्र पुरे झाले. पाच वाजून गेले होते, प्रकाश कमी होता. हसू दोन्ही बाजूंनी वर होते एवढे पाहिले, मागे 'चालेल' लिहिले आणि हात धुवायला गेलो.

गुरुवार, २५ एप्रिल

मास्तर काल जिन्यात कोसळले. दवाखान्यात आहेत. एक बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली.

शाईताईने हे उभ्या उभ्या सांगितले. मी म्हणालो, "असे अचानक?"

"अचानक?" तिने कनवटीचा कागद काढून टेबलावर उलगडला. 'अंक छापायला गेल्यानंतर'. अक्षर माझेच, सुवाच्य. "पाच आठवडे झाले. पहिला झटका त्याच दिवशी आला होता. दवाखान्यातले म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर."

"अंक गेल्यावर त्यांनी जायला हवे होते. मी अडवले नव्हते."

"मी ओढत होते त्यांना. काय म्हणाले माहितीये? 'साहेबांना आवडलंय हे तोंड. राहू दे थोडे दिवस.'"

ती गेल्यावर कालचे पान उजेडात धरले. हसू परिपूर्ण आहे, डोळे मिश्कील. आणि चौकटीच्या कडेने आत आलेले एक बोट त्या हसण्याचा कोपरा वर उचलून धरते आहे. आरशात होते तेच त्यांनी काढले. नखाच्या कडेला शाईचा डाग आहे. पेन्सिलीत तो करडा दिसतो. माझ्या बोटावरचा लाल आहे.

पुष्कळ वेळ दोष शोधत होतो. छाया, प्रमाण, रेषेची जाडी. एकही सापडला नाही.

मंगळवार, ३० एप्रिल

शाईताईने त्या पानावर शाई चढवली. शेवटचे काम म्हणून, आणि नोकरी सोडली. चेहऱ्यावर तिने नेहमीसारखाच कुंचला फिरवला. बोटावर मात्र एकेक सुरकुती ओढली आहे.

मालकांनी पान बघितले. "छान आहे हो. पण हे बोट कुणाचं? काढा ते."

पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यावे लागले. मीच दिले, दुसऱ्या कुणावर सोपवण्यासारखे काम नव्हते. आता हसू आपोआप वर उभे आहे. दप्तरवाले खूश आहेत. विद्यापीठातले भाषण पुढे ढकलले आहे.

नमुन्याचे पहिले दप्तर भाचीला दिले. तिने झेपेरावाचा गाल चाचपून पाहिला. "बरा झाला का हा, मामा?"

"हो," मी म्हणालो.

ताई माझ्याकडे बघत होती.

सोमवार, ६ मे

आज दवाखान्यात गेलो. जावेसे वाटत नव्हते, हे लिहून ठेवतो. हातात काय न्यावे सुचेना, म्हणून छापून आलेला हसरा अंक घेतला.

दालनात आठ खाटा. मास्तर खिडकीजवळच्या खाटेवर होते. शाईताई उशाशी बसून वाटीतून काहीतरी भरवत होती. मला पाहून तिने चमचा खाली ठेवला.

अंक त्यांच्यासमोर धरला, शेवटचे पान उघडून. त्यांनी पानाकडे पाहिलेच नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग माझ्या चेहऱ्याकडे. आणि मग त्यांची चालती बाजू हलली. उजवा हात हळूहळू चादरीबाहेर आला, थरथरत तोंडापर्यंत गेला. तर्जनी ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली लागली. त्यांनी तो वर उचलला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"नको, मास्तर," मी म्हणालो. "पुरे."

बोट तसेच. हात थरथरत होता, मग दंडही थरथरू लागला. कोपरा घसरला, त्यांनी पुन्हा उचलला. या खेपेस आधीपेक्षा वर.

"काय उभे राहिलात?" शाईताई दबक्या आवाजात म्हणाली. "शेरा द्या त्यांना. त्याशिवाय नाही सोडायचे ते."

डावी बाजू किंचित अधिक वर गेली होती. ते मला दिसले. तसे मला दिसतेच.

"मंजूर," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.